भय वाटलें, एवढें उत्तर पुरे काय?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसूरी म्हणून एक राज्य आहे. त्या राज्यांतील स्टर्जन नांवाच्या एका लहानशा गांवांत २०२४ च्या मे महिन्यांत घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. एका गृहस्थाचा कुत्रा घरांतून निसटला आणि शेजारच्या अंगणांत भटकूं लागला. कुत्रा म्हणजे कांहीं लांडग्याच्या जातीचा नव्हे. शिह-त्झू जातीचा, वजनानें सुमारें सहा किलो, डोळ्यांनीं आंधळा आणि कानांनीं बहिरा. कोणाचा तरी चुकलेला कुत्रा आहे, तो घरीं पोंचावा, अशा सद्‌बुद्धीनें शेजाऱ्यानें वर्दी दिली. पोलीस अंमलदार आला; काठीच्या फासानें कुत्र्यास धरण्याची त्यानें थोडा वेळ खटपट केली; आणि ती साधेना तेव्हां पिस्तूल काढून त्या मुक्या जिवास ठार केलें. कुत्र्यानें चावा घेतला नव्हता, अंगावर धांव घेतली नव्हती. अंमलदाराच्या अंगावरील कॅमेऱ्यांत हें सर्व उतरलें. तरीही गांवच्या कारभाऱ्यांनीं प्रथम अंमलदाराचीच पाठ राखिली. कुत्रा आजारी दिसला, त्यापासून लोकांस इजा होईल असें भय वाटलें, एवढें कारण त्यांस पुरेसें झालें. पुढें मालकानें फिर्याद केली, आणि गांवानें पांच लक्ष डॉलर देऊन ती मिटविली.

हें वाचून आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, सात समुद्रांपलीकडे एक कुत्रा मेला, त्याचें सुतक आम्हीं कां धरावें? ज्या देशांत पोलिसांच्या गोळ्यांनीं दरसाल सुमारें हजार माणसें मरतात, तेथें कुत्र्याची कथा ती काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्यास आमचें उत्तर असें कीं, या लेखाचा विषय भूतदया हा नव्हे. धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, हें आमच्या लहान मुलांसही ठाऊक आहे. तेवढ्यासाठीं अग्रलेख लिहिण्याचें कारण नाहीं. आमचा विषय आहे सरकारी हातांतील शस्त्र आणि त्या शस्त्राचा हिशेब. माणूस मेला तर पंचनामा होतो, नातलग ओरड करितात, वर्तमानपत्रें मागें लागतात. कुत्रा मेला तर एक कागद खरडला जातो आणि प्रकरण दप्तरीं दाखल होतें. कोणी विचारणार नाहीं अशी खात्री असतां सत्ता कशी वागते, याची परीक्षा अशाच ठिकाणीं होते.

शिवाय हें गाऱ्हाणें मुंबईकरांस अगदींच नवें नाहीं. १८३२ सालीं भटके कुत्रे मारण्याचा हुकूम मुंबईंत जारी होता आणि दर कुत्र्यामागें इनाम ठेविलेलें होतें. इनाम मोजून मिळूं लागलें तेव्हां भटका कोणता आणि पाळलेला कोणता हा विवेक शिपायांस राहिला नाहीं. घरच्या कुत्र्यांवरही त्यांचा हात पडूं लागला. पारशी बांधवांच्या धर्मांत कुत्र्यास मोठा मान. प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडणें हा त्यांच्या अंत्यविधीचा एक भागच आहे. ता. ६ जून रोजीं पारशी मंडळी शिपायांवर उठली. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला, हिंदु व्यापारीही त्यांत सामील झाले, आणि लष्कर बोलाविण्याची पाळी आली. दंगा करणें बरें असें आम्ही म्हणत नाहीं. दंग्याबद्दल शिक्षाही झाल्या. परंतु दुकानें बंद ठेवणाऱ्या त्या व्यापाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. जो शिपाई आज दारांतला कुत्रा विनाहिशेब नेतो, त्याच्यापासून उद्यां तें दारही सुरक्षित नाहीं. अमेरिकेंत आज जो वाद चालला आहे त्याचें मर्म हेंच. फरक इतकाच कीं, तेथें इनामाच्या जागीं भय आलें आहे.

आतां तेथील दोन प्रकरणें पाहूं. पहिलें टेनेसी राज्यांतील कुकव्हिल येथील. २००३ सालच्या पहिल्याच दिवशीं एक कुटुंब प्रवासाहून मोटारीनें घरीं परत चाललें होतें. पेट्रोल भरतांना कुटुंबप्रमुख आपलें पाकीट मोटारीच्या टपावर विसरला. मोटार सुटली तशा नोटा रस्त्यावर उडूं लागल्या. कोणीतरी हें पाहिलें आणि भलताच तर्क करून पोलिसांस कळविलें. दरोडा पडला असावा अशी समजूत झाली. वास्तविक दरोडा कोठेंच पडला नव्हता. पोलिसांनीं हमरस्त्यावर मोटार अडविली. आई, बाप आणि मुलगा यांस गुडघ्यांवर बसवून हातकड्या घातल्या. मोटारीचीं दारें उघडींच होतीं. आंत कुत्रे आहेत, ते बाहेर येतील, कृपा करून दारें लावा, अशी विनवणी त्या कुटुंबानें वारंवार केली. दारें कोणी लावलीं नाहींत. एक कुत्रा बाहेर उतरला, आणि एका अंमलदारानें त्या तिघांच्या डोळ्यांदेखत त्यास बंदुकीनें ठार केलें. पोलिसांच्याच गाडींतील कॅमेऱ्यानें टिपलेलें तें चित्र आणि त्या मंडळींचा आक्रोश पुढें सबंध देशानें पाहिला. दार लावण्यास किती वेळ लागला असता, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

दुसरें प्रकरण मेरीलँड राज्यांतील बर्विन हाइट्स या गांवचें, ता. २९ जुलै २००८ चें. गांजाची चोरटी ने-आण करणाऱ्यांनीं एक युक्ति योजिली होती: निरपराध लोकांच्या नांवानें पार्सलें पाठवावीं आणि तीं वाटेंतच परस्पर उचलावीं. असें एक बत्तीस पौंडांचें पार्सल त्या गांवच्या नगराध्यक्षाच्या पत्नीच्या नांवें आलें. पोलिसांस त्याचा सुगावा आधींच लागला होता. त्यांच्याच माणसानें पार्सल पोंचविणाऱ्याच्या वेषांत तें दारीं नेऊन ठेविलें. नगराध्यक्षानें तें घरांत आणलें, फोडलेंही नाहीं. थोड्याच वेळांत हत्यारबंद तुकडी दार फोडून आंत शिरली आणि घरचे दोन्ही लॅब्राडॉर कुत्रे तिनें गोळ्या घालून मारले. त्यांपैकीं एक तर पळून जात असतां मारला गेला, असें नगराध्यक्षाचें म्हणणें. नगराध्यक्ष आणि त्याची सासू यांस हात बांधून बराच वेळ बसवून ठेविलें. ज्या गांवचा तो नगराध्यक्ष, त्या गांवच्या पोलिसांस या छाप्याची वार्ताही नव्हती. पुढें कुटुंब निर्दोष ठरलें, आणि २०११ सालीं त्याचा दावा तडजोडीनें मिटला. आणि गोळीबाराची चौकशी? ती ज्या खात्याच्या लोकांनीं गोळ्या झाडल्या त्याच खात्यानें केली, आणि आपल्या लोकांचें कांहीं चुकलें नाहीं असा निर्वाळा दिला. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच घरचे असले म्हणजे निकाल काय लागावयाचा, हें सांगावयास कायद्याची पदवी नको.

पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. परक्याच्या घरांत, कोण कोठें दडलें आहे हें ठाऊक नसतां शिरणें सोपें नाहीं. कुत्रा चावतो, शिकविलेला कुत्रा धडधाकट माणसास लोळवितो, कित्येक गुन्हेगार मुद्दाम असे कुत्रे पाळतात. खरोखर नरड्याशीं आलेल्या जनावरावर गोळी झाडणाऱ्या शिपायास कोणीही शहाणा दोष देणार नाहीं. परंतु त्याच देशांतील दुसऱ्या एका सरकारी नोकराकडे आम्ही बोट दाखवितों. तो म्हणजे पोस्टमन. पोस्टमन रोज दारोदार जातो, एकटा जातो, आणि त्याच्या कमरेस पिस्तूल नसतें. दरसाल पांच हजारांहून अधिक पोस्टमनांवर तेथें कुत्रे हल्ला करितात. म्हणून त्याचें खातें त्यास शिकवितें कीं, फाटकाशीं आवाज करा, कुत्र्यास पाठ दाखवून पळूं नका, पत्रांची पिशवी मध्यें धरा, आणि अगदींच प्रसंग आला तर कुत्र्यावर तिखट फवारा मारा. ज्या भयाचा निकाल पोस्टमन पिशवीनें लावतो, त्या भयावर सशस्त्र तुकडीस गोळीवांचून उपाय सुचूं नये, याचें कारण कुत्र्यांत नाहीं. कारण शिक्षणांत आहे. आणि त्याहून अधिक, पुढें कोणी जाब विचारीत नाहीं यांत आहे.

आतां कायद्याकडे वळूं. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाचा देह, घर, कागदपत्र आणि चीजवस्त यांस अवाजवी झडती व जप्ती यांपासून संरक्षण देते. कुत्रा हा कायद्याच्या दृष्टीनें चीजवस्त. त्यास मारणें म्हणजे त्याची कायमची जप्ती, असें तेथील अनेक अपील-कोर्टांनीं ठरविलें आहे. अंमलदारानें घटनेनें दिलेला हक्क तुडविला तर त्याजवर दिवाणी दावा लावण्याची सोय १८७१ च्या कायद्यापासून आहे. पेनसिल्व्हेनियांतील एका प्रकरणांत मालकीण खिडकींतून, कुत्रा माझा आहे, गोळी घालूं नका, असें ओरडून सांगत असतांही शिपायानें तिच्या कुत्र्यावर गोळ्या झाडल्या होत्या. २००१ सालीं अपील-कोर्टानें म्हटलें कीं, मालक समोर असून कुत्र्यास ताब्यांत घेऊं इच्छितो, आणि कुत्र्यापासून तात्काळ धोका नाहीं, अशा वेळीं त्यास मारणें घटनेस धरून नाहीं. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील प्रकरण याहून बोधप्रद आहे. तेथील फिर्यादी हेल्स एंजल्स नामक मोटारसायकलवाल्यांच्या मंडळींपैकीं होते, आणि त्या मंडळींचा लौकिक बरा नाहीं. एका खुनाच्या तपासांत पुरावा शोधण्यासाठीं १९९८ सालीं त्यांच्या घरांवर छापे पडले आणि तीन कुत्रे मारले गेले. घरांत कुत्रे आहेत हें पोलिसांस ठाऊक होतें, तजविजीस आठवडाभराचा अवधि होता. तरी गोळीवांचून दुसरा धड उपाय त्यांनीं योजिला नव्हता. २००५ सालीं कोर्टानें या अंमलदारांस दाव्यांतून सोडण्याचें नाकारलें. फिर्यादी कोण आहे हें न पाहतां हक्क कोणता आहे हें पाहिलें, यांत त्या न्यायासनाची शोभा आहे.

परंतु या कायद्याच्या भिंतीस दोन मोठीं भगदाडें आहेत. पहिलें, अंमलदारांस मिळणारें अभय. तुडविलेला हक्क पूर्वींच्या निकालांनीं स्पष्ट ठरलेला नसेल तर अंमलदार दाव्यांतून सुटतो. हें अभय कायदेमंडळानें दिलेलें नसून न्यायाधीशांनींच निकालांतून निर्माण केलें आहे. दुसरें भगदाड भयाचें. वाजवी अंमलदारास त्या प्रसंगीं धोका दिसला असता काय, असें कोर्ट पाहतें. तत्त्व चुकीचें नाहीं. पण त्या क्षणीं काय घडलें हें सांगणारा बहुधा गोळी घालणाराच असतो, आणि मेलेला कुत्रा साक्षीस येत नाहीं. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथें २०१३ सालीं पडलेल्या छाप्यांत दोन कुत्रे मारले गेले. त्यांपैकीं दुसरा तळघरांत जाऊन शिपायांकडे बाजू करून उभा होता. पुढें सरकत नव्हता, नुसता भुंकत होता. तरीही तळघराची झडती निर्धास्तपणें घेतां येईना, म्हणून गोळी वाजवी होती, असा निकाल २०१६ सालीं अपील-कोर्टानें दिला. भुंकणें हा तर कुत्र्याचा धर्म. परका मनुष्य दार फोडून आंत आला असतां जो भुंकणार नाहीं तो कुत्रा कसला? ज्या कामासाठीं घरधनी त्यास भाकरी घालतो, तेंच काम केल्याबद्दल त्यास देहान्त शासन व्हावें, आणि तें वाजवी ठरावें, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

कोणी दावा जिंकलाच तर पुढें काय होतें तेंही पाहा. मेरीलँडमध्येंच २०१४ सालीं घरफोडीच्या तपासासाठीं दारोदार फिरणाऱ्या एका अंमलदारानें एका कुटुंबाचा कुत्रा मारला. ज्यूरीनें २०१७ सालीं मालकास बारा लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. अपिलें होतां होतां २०२१ सालीं राज्याच्या सर्वोच्च कोर्टानें ठरविलें कीं, पाळीव जनावराच्या भरपाईस कायद्यानें ७,५०० डॉलरांची मर्यादा घातली आहे, तिच्यापलीकडे जातां येत नाहीं. दोष सर्वस्वीं कोर्टाचा नव्हे. मर्यादा कायद्यांतच लिहिलेली होती. आणि भरपाई थोडी असो वा मोठी, ती सामान्यतः नगराच्या किंवा जिल्ह्याच्या तिजोरींतून जाते. म्हणजे ज्यांच्या दारांत कुत्रे मारले जातात त्या करदात्यांच्याच खिशांतून. आमच्या व्यापारी वाचकांस विचारतों: ज्या पेढीवर गुमास्त्यानें केलेली तूट दरसाल मुकाट्यानें धन्याच्या नांवें लिहितात आणि गुमास्त्यास कोणी बोलवीतही नाहीं, ती पेढी किती दिवस चालेल?

बरें, तूट तरी किती, हें कोणास ठाऊक आहे? अमेरिकेच्या न्यायखात्यानें २०११ सालीं या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तींत म्हटलें आहे कीं, बहुतेक पोलीस खात्यांत गोळीबाराचे निम्म्याहून अधिक प्रसंग जनावरांवरचे, आणि त्यांतही मुख्यत्वें कुत्र्यांवरचे असतात. दरसाल दहा हजार कुत्रे मारले जात असावेत, असा अंदाज त्याच खात्यांतील एका अधिकाऱ्यानें पुढें बोलून दाखविला, आणि तोच आंकडा आजवर तोंडोतोंडीं चालला आहे. पण तो अंदाजच. खरी मोजणी सबंध देशाची कोणीं केलेलीच नाहीं. ज्या देशांत धान्याच्या पोत्यापासून विमानाच्या फेरीपर्यंत सर्व कांहीं मोजलें जातें, तेथें सरकारी पिस्तुलांतून सुटलेली गोळी मात्र मोजली जात नाहीं. जें मोजलें जात नाहीं त्याबद्दल जाब तरी कसा मागावा?

कुत्र्यावर झाडलेली गोळी नेहमीं कुत्र्यासच लागते असेंही नाहीं. आयोवा राज्यांतील बर्लिंग्टन येथें जानेवारी २०१५ मध्यें घरगुती तंट्याच्या वर्दीवरून एक अंमलदार आला. घरच्या कुत्र्यावर गोळी झाडतांना बर्फावरून त्याचा पाय घसरला, आणि ती गोळी घरच्या तरुण गृहिणीस लागून ती मरण पावली. त्याजवर खटला झाला नाहीं. नगरानें २०१८ सालीं वीस लक्ष डॉलर भरून दावा मिटविला. टेक्सास राज्यांतील आर्लिंग्टन येथें २०१९ सालीं, कोणी स्त्री गवतावर पडली आहे, तिची प्रकृति पाहावी, अशी वर्दी पोलिसांस मिळाली. अंमलदार मदतीसाठींच आला होता. तिचा मोकळा कुत्रा त्याच्याकडे धांवत आला, त्यानें कुत्र्यावर गोळ्या झाडल्या, आणि मेली ती स्त्री. या अंमलदारावर खटला झाला. २०२३ सालीं ज्यूरीनें त्यास निर्दोष ठरविलें. कुत्र्याच्या जिवास किंमत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं या दोन स्त्रियांचा तरी विचार करावा. बंदूक काढण्याची संवय एकदां सैल झाली म्हणजे ती कुत्र्याच्या उंचीशींच थांबत नाहीं.

उपाय अशक्य आहेत असें मुळींच नाहीं. कित्येकांची सुरुवात तेथेंच झाली आहे. कोलोरॅडो राज्यानें २०१३ सालीं कायदा करून कुत्र्यांशीं गांठ पडली असतां कसें वागावें याचें शिक्षण पोलिसांस सक्तीचें केलें, आणि शक्य तेथें मालकास आपला कुत्रा आवरण्याची संधि द्यावी असा दंडक घातला. टेक्सासनें २०१५ सालीं अशा शिक्षणाचा कायदा केला. मेरीलँडनें बर्विन हाइट्सच्या प्रकरणानंतर, २००९ सालीं, छापे घालणाऱ्या खास तुकड्यांनीं दर सहा महिन्यांनीं आपल्या छाप्यांचा तपशील सादर करावा असें ठरविलें. कोणी माणूस किंवा पाळीव जनावर मेलें काय, हेंही त्यांत लिहावें लागे. परंतु त्या कायद्यास मुदत होती; ती २०१४ सालीं संपली आणि कायदा नाहींसा झाला. सुधारणा कशी मरते याचा हा नमुना आहे. तिला कोणी उघड विरोध करीत नाहीं. फक्त तिची मुदत कोणी वाढवीत नाहीं.

तेव्हां तेथील सुधारकांच्या मागण्या आम्हांस पूर्णपणें रास्त वाटतात. कुत्र्यावर झाडलेल्या प्रत्येक गोळीची नोंद व्हावी आणि ती नोंद दरसाल प्रसिद्ध व्हावी. चौकशी गोळी झाडणाऱ्याच्या खात्याबाहेरील अधिकाऱ्यानें करावी, आणि कॅमेऱ्यांतील चित्र मालकास पाहावयास मिळावें. छाप्यापूर्वीं घराची माहिती काढतांना, कुत्रा आहे काय, हा प्रश्न यादींत असावा. आणि असल्यास फास, जाळें किंवा फवारा घेतलेला माहितगार मनुष्य बरोबर असावा. जेथें तातडी नाहीं तेथें मालकास कुत्रा बांधण्यास अवधि द्यावा. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. भरपाईची झळ कांहीं अंशीं तरी त्या खात्याच्या खर्चास लागावी, आणि ज्याच्या हातून असे प्रसंग पुन्हां पुन्हां घडतात त्याची ती नोंद बढतीच्या वेळीं उघडली जावी. यांपैकीं एकाही मागणीनें कर्तव्यदक्ष शिपायाचा हात बांधला जात नाहीं. उलट, ज्यानें खरोखर नाइलाजानें गोळी झाडली त्यास निःपक्षपाती चौकशीइतका दुसरा मोठा आधार नाहीं.

आमच्या वाचकांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, प्रश्न परक्या देशाचा असला तरी त्यांतील तत्त्व परकें नाहीं. राज्य परकें असतां आम्ही त्यास जाब मागत होतों. राज्य आपलें झालें म्हणून जाब मागण्याचें कारण संपलें असें नाहीं, उलट तो मागण्याचा अधिकार आतां खराखुरा आपला झाला आहे. प्रजेनें शिपायाच्या हातांत शस्त्र दिलें तें उसनें दिलें आहे, आणि उसन्याचा हिशेब मागण्यांत अपमान कोणाचाच नाहीं. स्टर्जनच्या त्या आंधळ्या-बहिऱ्या कुत्र्यास समोर कोण उभा आहे हें दिसलें नाहीं, कीं कोणी हांक मारिली तर ती ऐकूं आली नाहीं. ज्यांस दिसतें आणि ऐकूं येतें अशा नागरिकांनीं तरी, भय वाटलें, या दोन शब्दांवर समाधान मानून घरीं जाऊं नये.